चौथ्या नंबरचा नागेश

नागेश खांबेटे हा मुळात शर्यतीचा माणूसच नव्हे. चिंचवडला होता तेव्हा स्कूटरसुद्धा त्यानं कधी बेफाम हाणली नाही, आणि जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला येऊन इतकी वर्षं झाली तरी आउटोबानवर, तिथल्या सुसाट हायवेवर, तो आपला ट्रकच्या मागे, उजव्या लेनमध्ये. बेअरिंगच्या डिझाइनची नोकरी, शनिवारी भाजी, गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या आरतीला टाळ. असा नाकासमोर चालणारा माणूस मातीच्या गोल ट्रॅकवर जुनी गाडी पळवतो म्हटल्यावर मंडळातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. त्याच्या बायकोनं, सुनेत्रानं, तर चिंचवडला फोन करून सासूबाईंच्या कानावर घातलं, की ह्यांचं काही खरं नाही, तुम्हीच समजवा. सासूबाई म्हणाल्या, दारू नाही ना पीत, मग पळवू दे.

ट्रॅक एका खेड्याबाहेर, मक्याच्या शेताला लागून. लंबगोल, मातीचा, पाऊस झाला की नुसता राडा. क्लबातली माणसं म्हणजे कौलं घालणारे, खाटीक, शेतकरी, एखादा शाळेचा शिपाई. गाड्या चाळीस-चाळीस वर्षांच्या. भंगारातून उचलायच्या, काचा आणि सीटा काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा ठोकायचा, दारं वेल्डिंग करून बंद करायची आणि खिडकीतून आत उतरायचं. हा गरिबांचा खेळ, आणि तो गरिबांचाच राहावा म्हणून क्लबचा एक नियम होता. शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्यांपैकी कुठलीही गाडी क्लबातल्या कोणालाही मागता येते, एका जुन्या सायकलीच्या किमतीत, आणि मालकाला नाही म्हणायची सोय नाही. कोणी गाडीत पैसा ओतला तर ओतो बापडा, जिंकला की दुसराच घेऊन जाईल. त्यामुळे कोणी ओतत नाही. ज्याची गाडी जाते तो बिअर पितो, चार शिव्या देतो आणि सोमवारी भंगारवाल्याकडे दुसरी शोधायला जातो. किती साधं आहे बघा. पण आपल्या माणसाला साधं कधी झेपलंय?

नागेशची गाडी होती जुनी ओपेल कॅडेट, पिवळी. त्यानं ती अशी बांधली जशी तिच्यात बसून मुलीची पाठवणी व्हायची आहे. इंजिनाचा बोल्ट न् बोल्ट काढून घासला, सस्पेन्शन तीनदा उघडून तीनदा बसवलं. त्यातून खंडेनवमीला सगळ्या पान्यांसकट तिची पूजा केली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लोथार म्हणून एक कौलं घालणारा होता, आडदांड, मोठ्या मनाचा. तो हे सगळं पाहून म्हणाला की जी गाडी उद्या द्यायची तिला हार कसला घालतोस? नागेश हसला. पण आमच्याकडे एकदा कुंकू लावलं की ती वस्तू राहत नाही, घरचं माणूस होते. घरचं माणूस सायकलीच्या भावात देतात का कोणी?

म्हणून नागेश दर शर्यतीत चौथा यायचा. कॅडेट पळायची फार सुंदर, पण शेवटच्या वळणावर याचा पाय हळूच वर. तिसऱ्याला पुढे घालवायचं आणि पाचव्याला मागे धरायचं, हे पहिलं येण्यापेक्षा अवघड, आणि त्यात गडी तरबेज झाला होता. क्लबात त्याचं नावच पडलं, डेअर फिअर्टे, म्हणजे चौथा. लोथार दर वेळी ग्रिलवर सॉसेज परतत म्हणायचा, एकदा चुकून तिसरा ये रे बाबा, गाडी मी नेतो. सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शमिकाला.

शमिका त्याची मुलगी, एकुलती एक. लहान होती तेव्हा बाप चौथा आला की बिचारी आपलं अर्धं ब्रेत्सेल, तो पीळ घातलेला खारा पाव, त्याला द्यायची, पाठीवरून हात फिरवायची, पुढच्या वेळी नक्की म्हणायची. आणि हा ते ब्रेत्सेल खायचा. लाज वाटायची, पण खायचा.

खरं सांगायचं तर त्याला गाडीचं वेड नव्हतंच. त्याला वेड होतं ते लेकीच्या आवाजाचं. मोठी झाली तशी ती घरात बोलेनाशी झाली. मराठी सगळं समजायचं, उत्तर यायचं जर्मनमध्ये, तेही एका शब्दाचं. गेनाऊ, म्हणजे बरोबर. पास्ट, म्हणजे चालेल. ग्लाइश, म्हणजे येतेच. की खोलीचं दार बंद. पण गाडीसाठी एका शेतकऱ्याचा गोठा भाड्यानं घेतला होता, तिथं दोघं गाडीखाली आडवी झाली, एकमेकांचं तोंड दिसेनासं झालं, की पोरगी बोलायची. वर्गातल्या मुली काय म्हणाल्या, गणितात का गटांगळी खाल्ली, कुठला मुलगा आवडला आणि कसा मूर्ख निघाला. तू नक्की कुठची, असं विचारणाऱ्यांचा किती राग येतो, हेही तिथंच. नागेश नुसता हुं हुं करत घट्ट नट पुन्हा घट्ट करायचा. त्याचा सगळा संसार त्या गोठ्यात होता म्हणा ना. आता ती कार्ल्सरूहेला इंजिनिअरिंगला निघाली होती. कॅडेट असली तर शनिवार-रविवार येईल, आणि कॅडेट गेली तर कशाला येतेय, एवढंच गणित त्याच्या डोक्यात होतं. ते त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. सुनेत्रालाही नाही.

जाण्याआधीची शेवटची शर्यत मी चालवणार, असं शमिकानं जाहीर केलं. नागेशला नाही म्हणवेना. मनात म्हणाला, पहिलीच वेळ, कुठली येतेय पहिल्या तिनात! चौथी ये म्हणून सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. दोघांची एक खूण मात्र पक्की होती. आत बसलेल्याला मागचा धूर दिसत नाही, तेलाची गळती दिसत नाही. म्हणून बाहेरच्यानं पंचा हलवला की आतल्यानं तत्क्षणी पाय काढायचा, का म्हणून विचारायचं नाही. इंजिनाच्या बाबतीत बापाचा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य.

शर्यत सुरू झाली आणि पोरीनं कॅडेट अशी काही काढली की सुनेत्रासुद्धा, जी आयुष्यात ट्रॅककडे फिरकली नव्हती, बाकावर उभी राहिली. वळणावर मागचं चाक घसरू द्यायची, सावरायची, पुन्हा घुसायची. एकेक करून सगळे मागे पडले, शेवटून दुसऱ्या फेरीला लोथारही. नागेशच्या छातीत आधी अभिमान दाटून आला, अगदी डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं लोथारचं ते आडदांड धूड पाहिलं, आणि मनात त्याला कॅडेट लोथारच्या ट्रेलरवर चढताना दिसली. रिकामा गोठा दिसला. शेवटची फेरी सुरू झाली होती. धूर नव्हता, गळती नव्हती, इंजिन तालात गात होतं. नागेशनं कठड्यावर चढून पंचा हलवला.

शमिकानं पाय काढला. क्षणाचाही विचार केला नाही तिनं. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

चौथी येऊन ती खिडकीतून उतरली ती धावत बॉनेटकडे. तेल पाहिलं, पाइप चाचपले, खाली वाकून पाहिलं. कुठंच काही नाही. तिनं बापाकडे पाहिलं. तेवढ्यात लोथार आला, चिखलानं माखलेला, आणि तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला की शाब्बास, बापाचं रक्त आहे, खांबेट्यांना चौथंच यायचं असतं! त्याला वाटलं, बापलेकीचं आधीच ठरलेलं असणार. त्याचा काय दोष?

तिनं बॉनेट खाली ओढून बंद केलं. भांडली असती, आदळआपट केली असती तर नागेशला बरं वाटलं असतं. घरी येताना ती बापाशेजारी न बसता मागच्या सीटवर आईशेजारी बसली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं तिला गोठ्यात बोलावलं. आली. पाना मागितला, दिला. दिवा धर म्हटलं, धरला. उत्तरं पुन्हा एकेका जर्मन शब्दाची: या, गेनाऊ, बिटे; हो, बरोबर, हे घे. गाडीखाली इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. शेवटी त्याला राहवेना. तिथंच, ऑइलच्या चिखलात पाठीवर पडल्यापडल्या, त्यानं सगळं सांगून टाकलं. चौथा नंबर, लोथार, नियम, सगळं.

"गाडीसाठी नाही गं केलं," तो म्हणाला. "गाडी गेली असती तर तू इथं कशाला आली असतीस? मी तुझ्याशी कुठं बोललो असतो?"

तिनं हातातला दिवा जमिनीवर ठेवला. मग जर्मनमध्येच, रडू आवरत म्हणाली, "बाबा, गाडी गेली असती तर आपण दुसरी बांधली असती ना."

ती बाहेर सरकली, हात पुसले आणि बॅग भरायला घरी गेली. नागेश गाडीखालीच पडून राहिला. कॅडेटमध्ये आता दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.