डॅशबोर्डातले तीन प्लग

"मिस्त्रीभाऊ, आता कोणाची चुकी हाये? पेट्रोलची का पुलाची?"

सुमनबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांची व्हॅन वैनगंगेच्या पुलाच्या चढावर आचके देऊन थांबली होती आणि मी चाकामागे दगड लावत होतो. मागच्या भागात ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. नदीपलीकडच्या तलावात सुमनबाईंचा बायांचा गट वर्षभर जी मासोळी धरतो, ती याच पिल्लांतून वाढते. दुपारच्या आत हे बीज पाण्यात गेलं नाही तर मरतं. मग जाळं टाकायचं कशासाठी?

पवनीत माझं गॅरेज आहे. ही व्हॅन महिन्यात तीनदा माझ्याकडे आली होती. तक्रार एकच, चढावर झटके मारते. मी दर वेळी रिकामी गाडी घेऊन बाजारात चक्कर मारायचो. मख्खन चालायची. "काई नाई बाई, पेट्रोलात पाणी असन," म्हणून परत पाठवायचो. तिसऱ्यांदा बाई भडकल्या, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "बिजाच्या दिवशी मीच बसतो ना संगं!"

आणि बसलो.

आधी पेट्रोल फिल्टर काढून फुंकला. गाडी ढिम्म. वायरी हलवून पाहिल्या. तरी ढिम्म. बाई ओली पोती पिशव्यांवर टाकत होत्या.

"तोंडं वर करून राहिले पिल्लं. हात चालवा थोडा!"

सीट उचलली आणि तिच्याखालच्या इंजिनातले प्लग काढले. बोटं भाजली, ते वेगळंच. इंजिनातलं पेट्रोल पेटवणारी ठिणगी स्पार्क प्लगच्या टोकाला असलेल्या बारीक फटीत पडते. प्लग जुना झाला की टोक झिजतं आणि फट रुंदावते. पण आम्ही जुने मिस्त्री प्लग बदलत नाही, पॉलिश पेपरनं घासतो. बदलला म्हणजे आमचा हात हरला! मी तिथेच, पुलावर, तिन्ही प्लग चांदीसारखे घासले, बसवले, चावी फिरवून सेल मारला. गाडी सुरू!

"पाहा!" मी म्हणालो.

पन्नास पावलांवर परत आचके.

बाईंनी डॅशबोर्डाचा कप्पा उघडला. त्यातली एक डबी माझ्या मांडीवर ठेवली. आत तीन कोरे प्लग.

"हे कुठून आणले?"

"दिवाळीतच आणले होते. तुमीच म्हणले, कायले बदलता बाई, मी घासून देतो. ठेवा डॅशबोर्डात."

जुना आणि नवा प्लग शेजारी धरून पाहिला. जुन्याच्या फटीत माझं नख आरामात जात होतं. इतकी वर्षं घासून ती मीच वाढवली होती. गाडी भरलेली असली आणि चढ लागला की इंजिनात दाब वाढतो. त्या दाबात ठिणगीला रुंद फट ओलांडता येत नाही. रिकाम्या गाडीत जमतं. म्हणजे मी महिनाभर रोग जिथे नव्हता तिथेच शोधत होतो.

नवे प्लग आधी हातानं फिरवून बसवले, मग पान्यानं आवळले. चावी फिरवली. पहिल्याच सेलला असा आवाज आला की बाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. पूल झाला. पुढे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उभा बांध. एरवी इथे गटातल्या बाया उतरून धक्का मारायच्या. त्या दिवशी सगळ्या पदर खोचून तयार उभ्या होत्या, आणि व्हॅन त्यांच्यासमोरून सेकंड गिअरमध्ये सरळ वर चढली. काय ओरडल्या बाया! मी हात हलवला, जणू मीच ढकलत आणली.

पिशव्या आधी तशाच पाण्यावर ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गरम व्हावं म्हणून. मग तोंडं सोडली. दहा-पंधरा पिल्लं मेली होती. बाकीची सुर्रकन खोल पाण्यात.

तेव्हा ध्यानात ठेवा. रिकामी गाडी बरी चालते आणि भरली की झटके मारते, सकाळी सेल जास्त खाते, पेट्रोल जास्त पिते, किंवा कंपनीच्या पुस्तकातले किलोमीटर झाले, तर प्लग बदला. मी आता बदलल्याचं किलोमीटर एअर फिल्टरच्या डब्यावर पेंटनं लिहितो.

सुमनबाई गॅरेजात आल्या की आधी माझ्या टेबलावरचा पॉलिश पेपर उचलून पर्समध्ये टाकतात. मग गाडी दाखवतात.