उजव्या मांडीवरचा डाग

"बैल माझो," असं दोघंही म्हणत होती आणि बैल कोंडवाड्याच्या भिंतीला अंग लावून शांतपणे रवंथ करत होता.

साठच्या दशकात मी आचऱ्याला स्टॉकमन होतो, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचा मदतनीस. भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. ती कुणाच्या तरी बागेत घुसतात आणि पंचायतीच्या कोंडवाड्यात जाऊन पडतात. मालक कोण हे डागावरून ठरायचं. डाग म्हणजे तापल्या लोखंडाने मांडीवर उठवलेली घराची खूण. भानगड अशी, की पोट फुगलं तरी लोक जनावराला डागच द्यायचे. त्यामुळे खूण कुठली आणि औषध कुठलं हे बघायला सरपंच मला बोलवायचे.

कट्टा गावच्या भिकाजीने बैल बाजारात घेतला होता. पावती होती, माणूसही सरळ होता. समोर आचऱ्याची जानकीमावशी होती. तिचा बैल वर्षापूर्वी चरायला गेला तो घरी आलाच नव्हता.

"मावशी, तुमच्या घरचा डाग कुठे असतो?" मी विचारलं.

"डाव्या मांडयेर."

बैलाची आमच्या बाजूची डावी मांडी कोरी होती. "झालं तर मग," सरपंच म्हणाले.

"खंय झाला? ह्येका माझ्या झिलान डागल्यान. तो डावखुरो. उजव्येर दिल्यान म्हणान बापाशीन शिव्या घातल्यान. अर्धो चंद्र आसा, खालचो शेंडो फाटलेलो. तेवा पाडो उसळलो."

भिंतीकडची मांडी तिला दिसत नव्हती. मी बैल फिरवला. अर्धा चंद्र होता, शेंडा फाटलेला. औषधाचा डाग असा नसतो. पावतीने भिकाजीची खरेदी सिद्ध होत होती, विकणाऱ्याची मालकी नाही. बैल मावशीचा ठरला.

भिकाजीने पावतीची घडी करून खिशात ठेवली. पेरणी तोंडावर आली होती आणि त्याची जोडी फुटली होती.

मावशीने डागावर तळवा ठेवला. हा डाग देणारा तिचा मुलगा मचव्यातून समुद्रात गेला होता, तो परतला नव्हता. बराच वेळ तिने हात काढला नाही.

"भिकाजी, बैल ने रे," ती म्हणाली. "माझी शेती आता कोण करतलो? फक्त पाडव्याक ह्येका माझ्या अंगणात घेवन ये. ओवाळतलंय. झिलाचो हात लागलेला दुसरा काय उरूक नाय घरात."

भिकाजीने मान हलवली आणि बैलाचं दावं हातात घेतलं.

दिवाळीच्या पाडव्याला मी मुद्दाम गेलो. भिकाजी शिंगं रंगवून बैल घेऊन आला होता. मावशीने ओवाळलं, मग खोबरेल घेऊन डाग चोळत बसली. "जेवन जा रे," ती म्हणाली. भिकाजी जेवला, पुढेही दर पाडव्याला जेवला.

डागावरून मालक ठरतो, एवढंच मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आता माझा मुलगा लांब असतो, फार लांब. लहानपणी त्याने मागच्या दारावर खिळ्याने होडी कोरली होती, शीड वाकडं. रंगारी आला की मी सांगतो, सगळं घर रंगव, तेवढं दार राहू दे.