मिरव्वाचा गुळाप्पा

अळणावरच्या लाकूड-डेपोत ओंडके चढवणारा भरमाण्णा दिवाळी झाली की कळसूत्री बाहुल्यांची पेटी डोक्यावर घेऊन खेळ करायला बाहेर पडे. त्याचा गुळाप्पा धारवाडपासून हुबळीपर्यंत लोकांचा लाडका. लाल फेट्याचा, ढेरपोट्या बाहुला. बोले मराठीत, भांडे कानडीत, आणि हरला की "होगली बिडु, जाऊ दे!" म्हणत मट्कन खाली बसे. त्याला हरवायची त्याची बायको मिरव्वा. तिच्या दोऱ्या यमुनाच्या हाती आणि आवाजही यमुनाचाच, म्हणजे भरमाण्णाच्या बायकोचा.

घरात दोघं फारसं बोलत नसत. यमुनाला सांगायचं ते ती पडद्याआडून सांगे. "मला माहेरी कधी धाडणार?" असं मिरव्वा भर जत्रेत विचारी. लोक हसत, आणि आठवड्यात भरमाण्णा यमुनाला खरंच माहेरी पोचवून येई. असा एकोणीस वर्षं संसार चालला.

१९३६ साली डेपोत ओंडका घसरला आणि भरमाण्णाच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. जखम भरली, पण बोटं वळेनात. वर्षभर त्यानं वाट पाहिली. मग एका सोमवारी देवळात चार माणसांसमोर नारळ फोडून त्यानं गुळाप्पा बसवंताच्या हाती दिला. बसवंत खेळात मृदंग वाजवायचा. गुणी माणूस, गळाही चांगला.

यमुना तेव्हा भाकऱ्या थापत होती. शेजारणीनं येऊन सांगितलं, तेव्हा तिला कळलं.

पुढचा खेळ हुबळीत, दाजीबानपेठेत ठरलेला होता. शब्द दिलेला, म्हणून ती गेली. भरमाण्णा पहिल्यांदाच समोर लोकांत बसला. बसवंताचा हात त्याच्याहूनही हलका होता. गुळाप्पा नाचला, पेठ हसली. मग गुळाप्पानं विचारलं, "अगं मिरव्वा, रुसलीस का?"

वाक्य भरमाण्णाचंच. त्यावर यमुना दर खेपेला काहीतरी नवं बोले. आज मिरव्वा हललीच नाही. उभ्या जागी तिनं एक जुनंच उत्तर दिलं. लोक तरीही हसले. भरमाण्णाला मात्र हसू आलं नाही.

परतताना आगगाडीत तो म्हणाला, "बसवंत चांगला खेळवतोय."

"खेळवतोय की."

"मग?"

"बाहुला तुमचा, कुणालाबी द्या. पण मिरव्वाचा त्यो नवरा. तिला इचारलंत?"

"चुकलं माझं," तो म्हणाला, पण तेही अळणावर आल्यावर, उतरता उतरता.

तो हंगाम तिनं पुरा केला आणि मिरव्वा बसवंताच्या बायकोला देऊन टाकली. "ती तरी ठेव," म्हणून भरमाण्णानं विनवलं. तिनं ऐकलं नाही. एकदा चुलीपाशी बसून त्यानं गुळाप्पाच्या आवाजात तिला हाक मारली. ती उठून गोठ्यात गेली. पुन्हा त्यानं तसं केलं नाही.

बसवंताचा खेळ गावात आला की भरमाण्णा जाई, ती जात नसे. एका वर्षी घरी येऊन तो सांगत होता, कोण कुठं हसलं, कोण रडलं. तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "आणि मिरव्वा काय बोलली?"

त्यानं सांगितलं.

"मी असं बोलले नसते."

"काय बोलली असतीस?"

तो उंबऱ्यात वाट पाहत उभा राहिला. तिनं तांदूळ धुवायला घेतले.