खांबावरची रेघ

मशीन आमचं, मग हात लावायच्या आधी मला विचारायचं न्हाय व्हय? मिस्त्री वर म्हणतोय, "वहिनी, कसं नवंकोरं दिसतंय बघा!"

कळंब्यात घरामागच्या शेडात आमचं लेथ आणि मिलिंग एकातच असलेलं मशीन हाय. मिलिंगचं डोकं, म्हंजे ड्रिल धरणारा वरचा भाग, गोल खांबावर बसतंय. मोठं ड्रिल लावायला ते वर घेतलं की जरा फिरतंय, आणि भोक जागा सोडतंय. म्हणून आमच्या मालकांनी खांबावर एक बारीक उभी रेघ कोरलेली. ते गेल्यापासनं मी त्या रेघेला डोकं जुळवूनच पंपाचे फ्लँज, म्हंजे पाइप जोडायच्या भोकं पाडलेल्या चकत्या, करते.

आज आकड्यांचा डिस्प्ले बसवायला मिस्त्री आला. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात त्यानं खांब पॉलिश पेपरनं घासला.

"अवो, रेघ कुठाय?"

"ओरखडा हुता की तो. आता आकडे बघायचे, वहिनी."

आकडे खालचं टेबल किती सरकलं ते सांगतात, वरचं डोकं फिरलेलं सांगत न्हाईत. दुपारी दोन फ्लँज वाया गेले. रेघ कोरताना बॅटरी मीच धरलेली, पण जागा आठवंना.

ग्रुपवरचे जाणकार, रेघ त्याच जागी परत मारता येती का? येत नसंल तर तसं सांगा, गोड बोलू नका. शनिवारपर्यंत उत्तर पायजे. तवर त्या खांबाला कुणाचा हात लागू देणार न्हाय.