अप्पर क्लासचे गुलाबी पडदे

बंदरावर नोकरी केली की अंगावर मीठ साचतं आणि कानात किस्से. मीठ आंघोळीने जातं. किस्से मात्र मी पेन्शनीत घेऊन आलो!

मालवण बंदरात मी आगबोटीची तिकिटं फाडायचो. पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. खडकांमुळे बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिथवर जायची. मला पडावात पाय ठेवताच मळमळायचं, त्यामुळे इतक्या वर्षांत बोट मी फक्त किनाऱ्यावरून पाहिली. तरी अप्पर क्लासच्या केबिनचं वर्णन करताना अडखळलो नाही. "पांढरीशुभ्र चादर, डोक्यावर फॅन, खिडकीला गुलाबी पडदे!" चादर आणि फॅन छापील पत्रकात होते. पडदे माझे. परत आलेल्या कोणीही तक्रार केली नाही.

माझं वर्णन सगळ्यात मन लावून ऐकणारी गिऱ्हाईक नव्हतीच. ती भागी आये, पडाववाल्या बाबी तांडेलची आई. ऑफिसच्या पायरीशी मासे विकायची. तिला काचबिंदू झालेला, आणि गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"मेल्या, डोळे जावच्या आधी एकदा ती केबिन बघूची आसा माका," ती म्हणायची.

पण पडाववाल्यांनी शिडीच्या वर पाय ठेवायचा नाही, हा बोटीचा कायदा. मुलाने जन्मभर माणसं बोटीला लावली, आईने जन्मभर बोट लांबून पाहिली. मग उतरणाऱ्या प्रत्येक अप्पर क्लासवाल्याला ती अडवायची. "आतमधी काय काय आसा रे?"

वालावलचे एक गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना केबिनचं तिकीट काढून दिलं. गुरुजी आत गेले, ती चादर पाहिली आणि आपली वळकटी खाली जमिनीवर पसरली. मुंबईपर्यंत जमिनीवरच!

"अहो, पलंग होता ना?" मी विचारलं.

"होता. पण चुरगळला असता."

मी हसलो. भागी आये हसली नाही. "शाणो माणूस! दुसऱ्याच्या घरातलो बिछानो मळवूचो नसता."

आरोंद्याचे एक बागायतदार. पलंगाच्या उशाशी बटण होतं. दाबलं तर पांढऱ्या कोटातला स्टुअर्ड हजर! "काय हवं साहेब?" यांना काहीच नको होतं. लाजेखातर चहा मागवला. जरा वेळाने वाटलं, पुन्हा येतो का बघू. आला! मुंबईपर्यंत अकरा चहा झाले.

"आमच्या घरात दहा माणसं आहेत," ते मला म्हणाले. "हाक मारली तर एक येत नाही."

कुणकेश्वरच्या एका नव्या नवरीने केबिनच्या गोल खिडकीवर नवऱ्याचं धोतर टांगलं आणि मुंबईच्या धक्क्याला लागेपर्यंत काढू दिलं नाही. का, तर "समुद्र आत बघता!"

यावर भागी आये म्हणाली, "समुद्राची कसली लाज गो? त्याना सगळ्यांका बघलेला आसा."

एका वर्षी मे महिन्यात मात्र तिने मला आवाजावरून ओळखायला सुरुवात केली. मासे बोटांनी चाचपून द्यायची. डोळ्यांसमोर हात नेला तरी पापणी हलत नसे. पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायला एकच फेरी उरली होती.

त्या फेरीला बाबी तांडेलने पडावातूनच वर कप्तानाला हात जोडले. कप्तान म्हणाला, "पाच मिनिटं."

मी धक्क्यावरून पाहत होतो. लाटेवर पडाव वर उचलला गेला आणि बाबी ओरडला, "आये, आता!" सत्तरी उलटलेल्या त्या बाईने कासोटा खोचून हवेत पाऊल टाकलं. ते शिडीवरच पडलं!

परत आल्यावर मी विचारलं, "आये, कशी होती केबिन?"

"बरी आसा," ती म्हणाली. मग माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून कडाडली, "पण पडदे गुलाबी खंय रे, मेल्या? हिरवे आसत!"

मी बाबीकडे पाहिलं.

"माका काय इचारतास? मी खालीच पडाव धरून होतंय."

पावसाळा सरला, बोट पुन्हा सुरू झाली. पहिल्याच फेरीला कागदपत्रांचं निमित्त काढून मी पडावात बसलो. दोनदा ओकलो आणि शिडी चढलो. स्टुअर्डला म्हातारी आठवत होती.

"तिला पडद्यांचं कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? आत गेली आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी बाहेर आली. थेट शिडी उतरली."

त्याने केबिनचं दार उघडलं.

पडदे हिरवे होते.