दुपारच्या हळदीचं ट्रॉपिकल हाऊस

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी. त्याआधी बरीच वर्षं समुद्रकिनाऱ्यावरचं संगीत ऐकत आणि वाजवत होते, आणि त्यात मला कधी काही विचित्र वाटलं नाही. ट्रॉपिकल हाऊस हे उन्हाळ्याचं संगीत आहे. उन्हाळ्याबद्दल सोलापूरच्या माणसाला कुणी शिकवायला जाऊ नये.

पुण्यात कॉलेजला असताना ते माझ्या कानावर पडलं. ठेका नाचाचाच, पण घाई नाही. लाकडी पट्ट्यांवर मऊ काठी मारावी तसे मरिंबाचे सूर, मधेच बासरी, आणि बेस असा की छातीवर बसत नाही, शेजारी येऊन बसतो. शिक्षण संपवून घरी परतले ती लॅपटॉपमध्ये हेच भरून. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, मंडप आणि साउंडचा धंदा. मी त्यांना एक ट्रॅक ऐकवला. डोळे मिटून त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि अगदी मनापासून विचारलं, "चांगलं हाय की. पण गाणं कधी सुरू होतंय?"

मी हट्टी आहे, आणि हा हट्ट अण्णांकडूनच आलाय. लग्नकार्यात हेच वाजवायचं म्हणून महिनाभर घरात कुरबुर चालली. शेवटी त्यांनी तोडगा काढला. मे महिन्यात टेंभुर्णीला एक हळद होती, ती पूर्ण माझ्या हातात. लोकांनी गाणी बदलायला लावली नाहीत, तर साउंडचं काम मी बघायचं. लावली, तर निमूटपणे बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. मी हो म्हणाले. मला बँकेत जायचं नव्हतं, आणि हरायचं तर त्याहून नव्हतं.

हळद भर दुपारी. हल्ली फोटो चांगले येतात म्हणून तशीच ठेवतात. शेतातल्या मंडपात पिवळे पडदे, मोगऱ्याच्या माळा आणि वर तापलेला पत्रा. मी ट्रॅक लावला. वीसेक मिनिटांत नवऱ्या मुलाचे मामा आले. हे जेवताना ठीक आहे, पोरांना नाचायचंय, काहीतरी दणकेबाज लावा, असं त्यांनी मला नाही, अण्णांना सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून खुर्ची त्यांना दिली. क्लासच्या बाकावर बसलेली मी मला स्वच्छ दिसत होते, आणि रडू येईल की काय अशी भीती वाटली.

अण्णांनी बेस पूर्ण उघडला. दोन गाण्यांत पोरांनी मंडपात धुरळा उडवला. अँप्लिफायर तापायला लागला तसा अण्णांनी जारच्या पाण्यात टॉवेल भिजवला, पिळला आणि त्यावर पांघरला. उन्हाळ्यात आमच्याकडे माठापासून डोक्यापर्यंत सगळ्यालाच ओलं फडकं लागतं. पण अँप्लिफायर आपल्या जाळीतून हवा ओढतो, ती जाळीच टॉवेलखाली गेली. हे मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज गपकन बंद झाला.

मामा तावातावाने आले. मी टॉवेल बाजूला केला, पंखा अँप्लिफायरच्या तोंडाशी आणला आणि शांतपणे सांगितलं की दहा मिनिटं थांबावं लागेल, आणि ऊन उतरेपर्यंत इतका बेस हा सोसणार नाही. अण्णा खुर्चीवरून उठून म्हणाले, "तुझं लाव. हलकं हाय त्ये."

मी लावलं. पोरं ताकाच्या पिंपाकडे गेली होती. इतका वेळ वाट्या धरून कडेला ताटकळलेल्या बायका आता पुढे सरकल्या. हळद लावता लावता एकीचे खांदे हलायला लागले, मग दुसरीचे. मुलाची आत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पिवळे हात वर करून नाचत होती. कुणाला धाप लागत नव्हती, म्हणून कुणी थांबत नव्हतं. तासाभराने मामासुद्धा डोक्याला उपरणं गुंडाळून त्यांच्यात डुलत होते. मला आश्चर्य वाटलं नाही. त्रेचाळीस डिग्रीत माणूस नाचणार तो याच चालीनं. अँप्लिफायरवर टॉवेल पडला नसता तर मी हरलेच असते, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

सामान भरून आम्ही घरी निघालो. गाणी तर बदलायला लावलीच होती, त्यामुळे ठरल्याप्रमाणे मी हरले होते. तो विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांचा फोन वाजला. जेऊरहून कुणीतरी होतं. हळदीचा व्हिडिओ बघितला, आमच्याकडेही तेच निवांत वाजणारं पाहिजे, म्हणत होतं. अण्णा नेहमी तारीख ऐकताच हो म्हणून टाकतात.

"त्ये माज्याकडं न्हाय," ते म्हणाले. "त्ये आमची पोरगी वाजवती. तिला इचारून सांगतो."

फोन छातीशी धरून त्यांनी मला तारीख सांगितली आणि जमेल का विचारलं. त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं. तरी मी कपातला चहा संपवला, कॅलेंडरचं पान उलटलं, आणि अण्णांना जरा थांबायला लावलं. ते थांबले.