निळ्या माशाची जागा

माझ्या नवऱ्याला दारू, पत्ते, शेअर बाजार यांपैकी कसलाच नाद नाही, हे मी चौदा वर्षं लोकांना अभिमानानं सांगत होते. मग त्यानं खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं ठरवलं.

आमचा फ्लॅट जयनगरला, तिसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये माझं पुस्तकांचं कपाट होतं, त्या जागी चार फुटी काचेची टाकी आली. कपाट बेडरूममध्ये गेलं आणि बेडरूमचं दार पूर्ण उघडेनासं झालं. टाकीत भोकाभोकांचे खडक रचले, मोजून मीठ कालवलेलं पाणी भरलं, वर निळसर दिवे लागले आणि पुढचा दीड महिना तिच्यात एकही मासा नव्हता. येणारे-जाणारे वाकून बघायचे आणि विचारायचे, मासे कुठायत. "पाणी मॅच्युअर होतंय," नवरा सांगायचा. पाण्याला जमतंय तर घरातल्या बाकीच्यांनाही जमेल, असं मला वाटायचं.

रिकाम्या टाकीच्या त्या दिवसांतच अप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीहून आमच्याकडे आले. आईला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. अप्पा न्हाणीघरात घसरले आणि शेजारच्या काकूंना हाक ऐकू जाईपर्यंत तासभर तसेच पडून राहिले. मी गाडी घेऊन गेले आणि त्यांना घेऊनच आले. "दिवाळीपर्यंत येतो," हे एकच वाक्य ते वाटेत चार वेळा बोलले. दिवाळीनंतर त्यांनी त्या घरात एकट्यानं परत जाऊ नये, याखेरीज त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

अप्पा हेडमास्तर होते. शाळेतला आवाज घरातही तोच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाणारा. आईनं केलेला चहा ते दोन-दोनदा परत पाठवायचे. साखर कमी, आलं जास्त, दूध करपलंय. आई भांडी आपटायची, दोन शब्द सुनावायची आणि पुन्हा आधण ठेवायची. आमच्या घरातला दिवस त्या भांडणानंच उजाडायचा.

असा माणूस जयनगरला आला आणि पाहुणा झाला. पाणी प्यायचं तरी "घेऊ का?" असं विचारायचे. पंखा लावू का, पेपर वाचून झाला का, मी आधी आंघोळ केली तर चालेल का. सकाळी उठले की चादरीची घडी अशी घालायचे, की रात्री तिथं कुणी झोपलं होतं याचा पुरावा राहू नये. बाथरूममध्ये ब्रश ठेवायचा ग्लास आहे, त्यात आम्हा दोघांचे ब्रश. अप्पा दात घासून झाले की आपला ब्रश पुसून परत बॅगेत ठेवायचे. मी एकदा तो मुद्दाम काढून ग्लासात ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा बॅगेत. यावर भांडायचं तरी कसं? भांडायला समोर कुणीतरी लागतं ना.

त्यांना आम्ही स्टडी दिली होती. खोलीत नवऱ्याचं ऑफिसचं टेबल, प्रिंटर, कपडे वाळत घालण्याखेरीज कशालाही न वापरलेली ट्रेडमिल, आणि उरलेल्या जागेत अप्पांची कॉट. "ही तुमची खोली," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. नवरा घरून काम करायचा त्या दिवशी त्याच्या मीटिंग त्याच खोलीत. पावणेदहा वाजले की अप्पा चष्मा उचलून हॉलमध्ये यायचे. उठा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सोफ्याचं खिडकीकडचं टोक नवऱ्याचं, दुसरं माझं, हे त्यांनी दोन दिवसांत हेरलं आणि ते टाकीशेजारच्या स्टुलावर बसायला लागले. दिवसभर तिथंच.

इकडे माशांची निवड सुरू झाली. नवरा पुण्याचा, त्यामुळे कुठलीही गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय त्याला करवत नाही. कोणता मासा कुणाशेजारी नांदतो याचा एक रंगीत तक्ता त्यानं फ्रिजवर चिकटवला. हिरवा चौकोन म्हणजे जमतं, लाल म्हणजे एकमेकांना खातात, पिवळा म्हणजे सांभाळून. मी नीट पाहिलं, तर निम्म्याहून जास्त तक्ता पिवळा. कुणी प्रवाळ कुरतडतो, कुणाला आमच्या टाकीच्या दुप्पट टाकी लागते, कुणी जिवंत, वळवळतंच अन्न खातो आणि बाकी काही समोर आलं तर उपाशी मरतो. जेवताना आमच्यात दुसरा विषय नसायचा. "हा पीसफुल आहे, पण स्वतःच्या जातीशी ॲग्रेसिव्ह आहे," असं नवरा म्हणायचा आणि मी आमटी वाढायची. अप्पा खाली मान घालून ऐकायचे. आमटी कशी झालीय विचारलं तर, "छान झालीय की."

एवढा अभ्यास करून आम्ही शिवाजीनगरच्या, म्हणजे पुण्यातल्या नव्हे तर आमच्या या कन्नड शहरातल्या, माशांच्या दुकानात गेलो आणि पहिला मासा दुकानदारानं सुचवलेला घेतला. "ये मरता नहीं, साब," तो म्हणाला होता. अंगठ्याएवढा, झगझगीत निळा. डॅमसेल त्याचं नाव. तो मेला नाही, दुकानदारानं खोटं काही सांगितलं नव्हतं. तीन आठवडे एकट्यानं राहून त्यानं टाकीतलं प्रत्येक भोक, प्रत्येक कपार आपल्या नावावर करून घेतली.

मग लाल शेपटीचा एक नाजूक मासा आणला. दोघांच्या चौकोनात तक्त्यावर चक्क हिरवं होतं. निळ्यानं तक्ता वाचला नव्हता. पाचव्या दिवशी तो लाल शेपटीवाला झाकणाच्या फटीतून उडी मारून बाहेर पडला आणि सोफ्यामागे वाळून गेला. तो सापडला अप्पांना. त्यांनी कागदात गुंडाळून ठेवला आणि आम्ही दोघं घरी आल्यावर म्हणाले, "माझं जरा लक्ष नव्हतं. चुकलं." मला इतका संताप आला की मी सरळ स्वयंपाकघरात निघून गेले. मासा उडी मारतो, त्यात यांची काय चूक?

त्यानंतर क्लाउन माशांची जोडी आली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली, लहान मुलांनासुद्धा ओळखू येते ती. निळ्यानं दोघांना पंपाशेजारच्या वरच्या कोपऱ्यात कोंडलं. खाली यायला लागले की हा खालून बाणासारखा वर. बारा दिवस ती जोडी त्या कोपऱ्यातून हलली नाही. अन्न टाकलं तर समोरून वाहत जायचं. जोडीतल्या मोठ्या मादीचं शेपूट फाटलं होतं.

आता निळ्याला बाहेर काढायचं ठरलं. देवनहळ्ळीला नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, नवऱ्याच्या ओळखीचा एक मासेवेडा राहतो. त्याच्याकडे भिंतभर टाकी. तो म्हणाला, पकडून आणा, मी सांभाळतो. पकडून आणा. दोन रविवार आमचा नवरा खांद्यापर्यंत हात बुडवून, गालाला काच लावून उभा होता. जाळी झाली, बाटलीचा सापळा झाला, दिवे बंद करून झाले. निळा भोकात शिरायचा आणि जाळी बाहेर निघाली की पुन्हा दारात येऊन उभा राहायचा. एकदा मनगटाला चावलासुद्धा. शंभरेक लिटर मिठाचं पाणी माझ्या फरशीवर सांडून झालं तेव्हा मी विचारलं, यापेक्षा त्या दोघांनाच देवनहळ्ळीला पाठवलं तर? नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या आईबद्दल बोलले.

त्याच सोमवारी सकाळी घाईत मी चहात साखर घालायला विसरले. अप्पांनी कप रिकामा करून "छान झालाय" म्हणून माझ्या हातात दिला. मग मी माझा तोंडाला लावला.

"अप्पा, साखरच नाहीये यात."

"असू दे की. मला कमीच लागते."

"कधीपासून कमी लागते?"

ते हसले. परक्याकडे बघून हसावं तसं. दिवाळी सहा आठवड्यांवर आली होती आणि त्या हसण्यावरून मला कळलं की बॅग भरलेलीच आहे. मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटला.

पुढच्या शनिवारी नवरा पुन्हा शिवाजीनगरला निघाला. मी अप्पांनाही गाडीत बसवलं. जरा हवा बदलेल म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्या स्टुलावरची त्यांची पाठ मला बघवत नव्हती. दुकानात नवरा हिंदीत तावातावानं तक्रार सांगायला लागला. दुकानदार त्याला एका शब्दाची उत्तरं देत होता. मध्येच अप्पांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. निपाणीच्या शाळेत निम्म्या पालकांशी ते त्याच भाषेत बोलत. दुकानदाराचा चेहरा खुलला, त्यानं अप्पांना खुर्ची दिली, "स्वल्प कूत्कोळ्ळी सर," म्हणाला, आणि सविस्तर सांगू लागला. अप्पा "सरी, सरी" करत ऐकत होते. मग ते माझ्या नवऱ्याकडे वळून मराठीत सांगू लागले, कारण त्याला कन्नड येत नाही.

"ते म्हणतात, मासा वाईट नाही. तो आधी आला, त्यामुळं सगळं घर त्याचं झालं. तुम्ही नवीन आलेल्यांना त्याच्या घरात सोडलंत. त्याला पकडू नका. सगळे दगड बाहेर काढा आणि वेगळ्या तऱ्हेनं रचा. मग त्याचंही घर गेलं. सगळ्यांनाच नव्यानं जागा शोधावी लागेल."

इथपर्यंत बरोबर होतं. मीही निपाणीतच वाढले, मला कन्नड कळते. दुकानदार एवढंच बोलला होता. अप्पा मात्र थांबले नाहीत. दुकानातल्या एका टाकीच्या काचेवर बोट ठेवून, त्याच सुरात पुढे म्हणाले, "नवीन आलेला कोपरा धरून बसतो, त्याला भूक नसते असं नाही. कुठं बसलं म्हणजे कुणाची जागा जात नाही, हे त्याला कळत नसतं."

नवऱ्यानं मान डोलावली आणि दुकानदाराला थँक्यू म्हणाला. मी एका पिशवीतल्या गोगलगाईंकडे बघत उभी राहिले. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. इतके महिने हा माणूस पाणीसुद्धा विचारून पितोय आणि मनातलं सांगायला याला शिवाजीनगरचा मासेवाला लागतो.

रविवारी सकाळी खडक निघाले. अप्पा बाही वर करून पुढे आले, कारण निळा कुठल्या भोकात झोपतो, कुठल्या वाटेनं वर धावतो, हे फक्त त्यांना माहीत होतं. हा दगड इकडे, तो आडवा घाला, ही फट बुजवा. नवरा सांगितल्याप्रमाणे करत होता. दुपारी पाणी निवळलं तेव्हा निळा मासा टाकीच्या मधोमध तरंगत होता. कुठं जावं ते त्याला सुचत नव्हतं. खूप वेळानं क्लाउनची जोडी वरच्या कोपऱ्यातून वीतभर खाली आली.

मी हात पुसले आणि स्टडीत गेले. आधी प्रिंटर उचलला.

"आता काय?" नवरा म्हणाला.

"टेबल आपल्या बेडरूममध्ये. ट्रेडमिल खाली वॉचमनला विचारून कुणाला तरी देऊन टाक."

"बेडरूममध्ये जागा कुठाय? मीटिंग असतात माझ्या."

"मग मी उठून बाहेर बसेन. चष्मा घेऊन."

त्याला कळलं की नाही कोण जाणे, पण त्यानं टेबलाचं दुसरं टोक धरलं. अप्पा दारात उभे राहून "कशाला ते, असू दे की, महिनाभराचा तर प्रश्न," असं म्हणत होते. मी ऐकलं नाही. कॉट खिडकीखाली सरकवली. पुस्तकांचं कपाट त्या खोलीत आणलं. हॉलमधला सोफा फिरवून टाकीसमोर लावला, टीव्ही उलट्या भिंतीला गेला, स्टूल गच्चीवर. संध्याकाळपर्यंत घर असं झालं होतं, की नवऱ्याला चार्जर सापडेना आणि माझा गुडघा दोनदा टीपॉयवर आपटला. सोफ्याचं खिडकीकडचं टोक उरलंच नव्हतं. आम्ही तिघंही थोडा वेळ उभेच होतो. मग कंबर दुखायला लागली म्हणून अप्पा टाकीच्या बरोबर समोर, मधोमध बसले. आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मूड वाईट होता. साखरेचा डबा मीच कुठंतरी हलवला होता, तो सापडायला दहा मिनिटं गेली. मी चहा नेऊन दिला. अप्पांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा काय चहा झाला? आलं किती घातलंस? काढा केलायस नुसता." आवाज बहुतेक दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असावा. नवरा बेडरूमच्या दारातून डोकावला.

सकाळी ऑफिसची घाई, पाय दुखतायत, साखरेचा डबा हरवलेला, आणि यांना आलं जास्त. मी कप उचलला, ओट्यावर आदळला आणि पुन्हा आधण ठेवलं. भांडी आपटताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मी पुसत नव्हते. या वेळी आलं अगदी चिमूटभर घातलं. चहा गाळून नेऊन दिला.

तोही त्यांनी परत पाठवला.